ठकूआजीचं बोलणं

शेळीचं ओरडणं सोनालीने तिसऱ्यांदा दिलं, तेव्हा काचेपलीकडून अजेयने अंगठा वर केला. वादळात सापडलेली शेळी होती. पहिल्यांदा ती फारच बिचारी झाली होती आणि दुसऱ्यांदा नुसतीच भुकेली. तिसऱ्यांदा सोनालीने तिला चिडायला लावलं आणि तेच बरोबर बसलं, कारण 'मोटार' नावाची ही शेळी प्रत्येक भागात कुणावर तरी चिडलेलीच असायची.

अजेयचा स्टुडिओ म्हणजे कर्जतजवळच्या भिसेगावातल्या त्याच्या घराचा वरचा मजला. भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांवर जाड पडदे सोडलेले. घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन जोडलं की स्टेशनात शिट्टी व्हायची, आणि ती विरेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसून राहायचं. त्या गप्प बसण्याची सोनालीला इतकी सवय झाली होती, की घरी भाकरी थापतानासुद्धा शिट्टी ऐकली की तिचा हात थांबायचा.

'उंबरवाडीची मंडळी' ही मुलांच्या चॅनलवर लागणारी विनोदी कार्टून मालिका इथेच तयार व्हायची. आवाज आधी भरायचे आणि मग त्या आवाजांवर पात्रांची तोंडं हलवायची, अशी पद्धत. सोनालीकडे त्यातले तीन आवाज होते. एक गोम्या, गावभर उचापती करणारा पोरगा. दुसरी ती शेळी. आणि तिसरी ठकूआजी. गोम्या तिला शाळेच्या मैदानावर सापडला होता. शेळीसाठी तिच्या दहिवलीत फार लांब जावं लागत नाही. ठकूआजी मात्र तिने घरातूनच उचलली होती. ती तिची सासू होती, अंबाबाई.

हे सुरुवातीला तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिला भाग लागला तेव्हा अंबाबाई तांदूळ निवडत बसली होती. टीव्हीतल्या म्हातारीने नानाशेठ वाण्याला "तुजी वजनं खोटी हायेत रं, तुज्या मिशा तेवढ्या खऱ्या हायेत" असं सुनावलं, तसा अंबाबाईचा हात सुपात थांबला. तिने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग सुनेकडे. दोन दिवस ती सोनालीशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी तिला ठकूआजी म्हणून हाक मारली. घरी आल्यावर तिने विचारलं, पुढचा भाग कधी लागतोय गं.

आताचा भाग नेहमीपेक्षा मोठा होता. उंबरवाडीत वादळ येतं आणि गावाची तीन टोकांना पांगापांग होते. गोम्या पाण्याच्या टाकीवर अडकतो. नानाशेठ आणि हवालदार, एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं, पुलाखाली एकाच टेंपोत कोंडले जातात. ठकूआजी शेळी शोधत गावभर भिजत फिरते आणि वाटेत ज्याला त्याला शिव्या घालते. तिन्ही गोष्टी एकमेकींना धडका देत पुढे जातात आणि शेवटी सगळं गाव ठकूआजीच्या ओटीवर येऊन थडकतं. लिहिणाऱ्याने मन लावून लिहिलं होतं. सोनालीला तो वाचताना दोनदा हसू फुटलं होतं आणि तिने ते कागद घरी नवऱ्याला, जितेशलाही वाचून दाखवले होते.

शेळी झाल्यावर शेवटचं पान राहिलं. ते सकाळीच बदलून आलं होतं. सोनालीने ते समोर धरलं, मनातल्या मनात वाचलं आणि थांबली. घरावरचे पत्रे उडालेत, पोरं रडतायत, नानाशेठसुद्धा रडतोय, आणि ठकूआजी म्हणते, 'बाळांनो, घाबरू नका. वादळे येतात आणि जातात. आपण एकमेकांचा हात धरला, की कोणतेही घर पडत नाही.'

तिला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं वाक्य आलंय. तिने अजेयला तसं विचारलं. अजेयने शेजारी बसलेल्या ऋजुताकडे पाहिलं.

ऋजुता चॅनलची. मालिकेचे कागद तिच्या हाताखालून जायचे आणि या मोठ्या भागासाठी ती मुद्दाम कर्जतला आली होती. वयाने लहान पण कामात चोख होती, आणि सोनालीच्या आवाजाचं तिला खरोखर कौतुक होतं. तिने माइक सुरू करून नीट समजावलं. ठकूआजीचं बोलणं प्रेक्षकांना आवडतं, त्यावर ते हसतात. पण ही जागा हसण्याची नाही. इथे मुलांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. आजी इथेही 'हाय-नाय' करायला लागली तर सगळं वाया जाईल. म्हणून फक्त हे एक पान शुद्ध घ्यायचं. काही पालकांची पत्रंही आली होती, की मुलं तसंच बोलायला लागलीत. एवढं केलं की त्यांचंही समाधान होईल.

सोनालीने मान हलवली आणि ते पान एकदा म्हणून पाहिलं. उच्चार स्वच्छ आले. ते येणारच होते. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेनंतर एका परीक्षकांनी तिला सांगितलं होतं, आवाज देवाने दिलाय, भाषा तू सुधार. तिने ती सुधारली होती. 'ण' आणि 'न' घासून घासून वेगळे केले होते. या स्टुडिओत पाऊल ठेवल्यापासून माइक बंद असतानाही ती 'आहे' आणि 'नाही' बोलायची. घरचं बोलणं फक्त ठकूआजीच्या तोंडून यायचं, त्यालाही काम म्हणूनच परवानगी होती.

वाक्य संपलं आणि काचेपलीकडे ऋजुता समाधानाने हसली. सोनालीला मात्र हेडफोनमध्ये एक परकी बाई बोलताना ऐकू आली होती. तिने हेडफोन काढून ठेवला. घसा बसलाय, हे पान उद्या देते, असं सांगून ती जिना उतरली. घसा बसला नव्हता.

दहिवलीपर्यंत ती चालतच गेली. खरं वादळ तिने पाहिलं होतं. करोनामुळे सगळं बंद होतं त्या वर्षीच्या जूनमध्ये ते अलिबागेकडून वर आलं होतं. दुपारी त्यांच्या पडवीचे पत्रे कागदासारखे उचलले गेले आणि कुणाच्या शेतात पडले ते शेवटपर्यंत कळलं नाही. आळीतली माणसं पोरंबाळं घेऊन त्यांच्या मधल्या खोलीत आली, कारण तेवढ्याच खोलीवर स्लॅब होता. बाहेर आंब्याची झाडं मोडत होती. जितेश खालापूरच्या कंपनीत अडकलेला आणि फोन लागत नव्हता. अंबाबाई दाराला पाठ लावून बसली आणि बोलत राहिली. ती काय बोलली, ते सोनालीच्या कानात जसंच्या तसं होतं. खोलीतल्या बाया आधी खुदकन हसल्या होत्या. मग हसता हसता गप्प झाल्या. मग पोरंही रडायची थांबली.

घरी आल्यावर तिने जितेशला सगळं सांगितलं. कंपनी बंद पडल्यापासून तो दुसऱ्याचा टेंपो चालवत होता. घर बरंचसं सोनालीच्या आवाजावर चाललं होतं आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, दोन वाक्यांचा प्रश्न आहे, बोलून टाक. कार्टून आहे ते. त्याच्या बोलण्यात काही चूक नव्हती. म्हणूनच सोनालीला त्याचा राग आला.

अंबाबाई चुलीपाशी होती. तिला हल्ली कमी ऐकू यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं. तिने जितेशला काय झालं ते पुन्हा विचारून घेतलं. जेवणं झाल्यावर भांडी विसळताना तिने सुनेला विचारलं,

"मी येडी दिसते का गं त्यात?"

सोनाली म्हणाली, "नाय ओ आई. तुमी कशाला येड्या दिसाल."

"तसं नाय. लोक हसतात त्ये मला म्हाईत हाय. हसूंदे. पन हसून झाल्यावर ऐकतात का, त्ये सांग."

सोनालीने विसळलेलं ताट तिच्याकडे सरकवलं. अंबाबाईने ताट पालथं घातलं आणि हात पदराला पुसले. "तुजं काम हाय. मला इचारून करू नको," एवढं म्हणून ती आत गेली.

सकाळी सोनाली स्टुडिओत गेली ती ठरवून. तिने अजेयला सांगितलं, की आधी माझ्या पद्धतीने घेऊ या, मग बोलू. अजेयने मशीन सुरू केलं. सोनालीने कागद खाली ठेवला, डोळे मिटले आणि ती बोलली.

"रडता कशाला रं? पत्रं गेलं त जाऊ दे. पत्रं आपन आनलेली, आपल्याला पत्र्यांनी नाय आनलं. ह्या वाऱ्याला कुटं घर हाय? म्हनून त दुसऱ्याच्या घरात शिरतोय मेला. दार धरून बसा. दमला का जाईल. त्यो दमतो. आपन नाय दमत."

शेवटचे शब्द तिने जवळजवळ आवाज न चढवता म्हटले होते. काचेपलीकडे पात्रांची तोंडं काढणारी किरण येऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. ऋजुता हळूच म्हणाली, की खूप छान आहे, मनापासून सांगते. पण चॅनल हे घेणार नाही. आता शुद्ध देऊन टाका, दोन्ही पाठवू.

सोनाली म्हणाली, दुसरं देणार नाही.

अजेय उठून आत आला. त्यांची ओळख जुनी होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकटीने अख्खं गाव उभं करणारी ही मुलगी त्याच्या वडिलांनीच, हरी मास्तरांनी, त्याला दाखवली होती. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, की तुला शुद्ध येत नसतं तर गोष्ट वेगळी होती. तुला तर आमच्यापेक्षा चांगलं येतं. मग अडचण काय आहे?

मग त्या खोलीत ठकूआजी न होता सोनाली पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलली.

"येत नाय म्हनून नाय म्हनत नाय मी, अजेयदादा. येतंय म्हनून सांगते. येवढी वर्सं लोकांनला हसवायला आमची बोली चालली. आता रडवायची येळ आली त ती खाली बसवायची, आनि तुमची उभी करायची? माजी सासू त्या दिवशी दाराला पाठ लावून बसली व्हती, ती काय शुद्ध बोलत नव्हती. आनि तिचं ऐकून आमी जगलो. मी नाय बोलनार."

ऋजुताने विचारलं, दुसरी आर्टिस्ट बोलवावी लागली तर? सोनाली म्हणाली, बोलवा. तिने चपला घातल्या. जिन्यात तिला स्टेशनातली शिट्टी ऐकू आली आणि सवयीने ती थांबली. मग शिट्टी संपायची वाट न बघता खाली उतरली.

पुढचे काही महिने काहीच कळलं नाही. अजेयने दोन्ही बाजूंना बरं वाटेल असं काही करायचा प्रयत्न केला असावा. किरण एकदा बाजारात भेटली. तिने सांगितलं, की तोंडं तुझ्या आवाजावरच काढली आहेत, म्हातारीचं 'हाय' काढताना ओठ कसे उघडतात ते आरशात पाहून पाहून काढलं. सोनालीला बरं वाटलं. आपण जिंकलो असं वाटायला लागलं, पण ती तसं कुणाशी बोलली नाही.

आषाढात भाग लागला. आळीतली पोरं आधीच येऊन टीव्हीपुढे बसली होती. शेजारची आरोही सगळ्यात पुढे. अंबाबाईला खुर्ची दिली होती, जितेश दारात उभा होता. भाग झकास झाला होता. टाकीवर अडकलेल्या गोम्याने खाली बघून "मी पडत नाहीये, मी उतरतोय" म्हटलं तेव्हा पोरं लोळली. टेंपोत हवालदाराच्या मांडीवर कोंबडी बसली तेव्हा जितेशसुद्धा मोठ्याने हसला. ठकूआजी शेळीच्या मागे चिखलातून धावत होती आणि अंबाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

मग पत्रे उडाले. सगळं गाव ओटीवर आलं. पोरं रडायला लागली. ठकूआजी दाराला पाठ लावून बसली आणि तिने तोंड उघडलं.

बासरी वाजू लागली. मागून व्हायोलिनं आली. ठकूआजीचे ओठ हलत होते, हात वर जात होता, खाली येत होता. समोरची चित्रातली पोरं डोळे पुसत होती. म्हातारीचा एक शब्दही ऐकू येत नव्हता.

"आवाज गेला का रं?" अंबाबाईने विचारलं.

आरोही म्हणाली, "नाय आजी. गानं वाजतंय."

अंबाबाई पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिली. "तोंड त हलतंय तिचं," ती म्हणाली.

सोनालीच्या लक्षात आलं. दुसरीचा शुद्ध आवाज त्या ओठांवर बसला नसणार. 'हाय'वर 'आहे' बसत नाही. तोंडं नव्याने काढायला वेळ नसणार, म्हणून त्यांनी म्हातारीलाच मुकं केलं होतं. सोनाली रडली असती, आणि कुणाला त्याचं नवल वाटलं नसतं. पण तेवढ्यात आरोहीने मागे वळून विचारलं, काकी, ती काय बोलतेय?

सोनालीने सांगितलं. पडद्यावरच्या ओठांकडे बघत, एकही शब्द मागेपुढे न होऊ देता सांगितलं. बासरीच्या वर आवाज नेण्यासाठी तिला मोठ्याने बोलावं लागलं. अंबाबाईला सगळं ऐकू गेलं. ती खुर्चीत ताठ बसली होती. बोलणं संपल्यावर तिने एवढंच म्हटलं, की 'मेला' मी दोनदा म्हनले व्हते. जितेश दारातून आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

चार दिवसांनी अजेय घरी आला. चॅनलने ठकूआजीसाठी दुसरी बाई ठरवली होती. ती सुरुवातीपासून सगळंच शुद्ध बोलणार होती, वाद नको म्हणून. गोम्या आणि शेळी सोनालीकडेच राहावीत असं मात्र सगळ्यांचं म्हणणं होतं. अजेयला हे सांगताना लाज वाटत होती, आणि ती त्याने लपवली नाही. अंबाबाईने त्याला चहा दिला. सोनालीने विचार करायला वेळ मागितला नाही. ती म्हणाली, गोम्या मोठा झाला, त्याचा आवाज फुटला असं समजा. शेळीचं तुम्ही बघा. जितेशने मध्ये बोलायला तोंड उघडलं होतं. मग त्याने ते मिटलं आणि अजेयची बशी उचलून आत नेऊन ठेवली.

श्रावणात कळंबच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टने तिला शनिवार-रविवारच्या कामाला घेतलं. मुंबई-पुण्याची कुटुंबं यायची. मोठी माणसं खात-पीत बसली की मुलांना गुंतवून ठेवायला कुणीतरी हवं असायचं. तिथल्या मॅनेजरला वाटलं होतं, ही बाई फुगे फोडायचे खेळ घेईल. सोनालीने पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी घालून घेतली आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. उंबरवाडी, ठकूआजी, गोम्या ही नावं चॅनलची होती, ती तिने तिथेच सोडून दिली. गाव दहिवली झालं. म्हातारी अंबाबाई झाली. टाकीवर पोराऐवजी सरपंच चढला. वादळ तेच राहिलं.

एका शनिवारी दुपारीच अंधारून आलं होतं आणि वीज गेली होती. माइक बंद. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की पहिल्या रांगेतल्या मुलांनाही कान टवकारावे लागत होते. सोनाली पोट आत ओढून, खालून आवाज काढून बोलत होती. पत्रे उडाले, आळी गोळा झाली, अंबाबाई दाराला पाठ लावून बसली. "ह्या वाऱ्याला कुटं घर हाय?" सोनाली म्हणाली, आणि 'हाय'वर मुलं फिस्सकन हसली. एका मुलीने शेजारणीला कोपर मारून तो शब्द तिला म्हणून दाखवला. मागे खुर्चीवर बसलेले तिचे वडील तिथूनच म्हणाले, "आहे म्हणायचं, बेटा."

सोनाली थांबली. तिने त्या गृहस्थांकडे पाहिलं. राग नव्हता, ती फक्त त्यांचं बोलून होऊ देत होती. हसणंही तिने पूर्ण होऊ दिलं. मग तेच वाक्य तिने पुन्हा घेतलं, पहिल्यासारखंच, 'हाय'वर जरासुद्धा आवाज न चोरता.

या वेळी हसू आलं ते थोडंच. त्यानंतरच्या वाक्याला कुणीच हसलं नाही. ती मुलगी गुडघ्यांवर सरकत पुढे आली. वारा फिरला आणि शेडमध्ये आडवा पाऊस घुसला, तसा मॅनेजर छत्री घेऊन धावत आला. सगळे हॉलमध्ये चला, असं तो हातवारे करून सांगू लागला. मुलं उठली नाहीत. मागच्या खुर्च्यांवरची दोन-तीन माणसं उठली, ते गृहस्थही उठले आणि मुलीला हाक मारून उभेच राहिले.

सोनालीने सतरंजीचं भिजलेलं टोक आत दुमडलं, मुलांना आणखी जवळ घेतलं आणि पुढचं वाक्य बोलली.